चुलवाणात न गेलेलं चिपाड

काकवीचा डबा उघडला की मला सिनेमे आठवतात. ऐकणाऱ्याला हे चमत्कारिक वाटतं, पण त्याला माझा इलाज नाही. गेल्या आठवड्यात रामूतात्यांचा नातू दारात गाडी उभी करून डबा देऊन गेला. "आत्या, गुऱ्हाळ लागलंय. रविवारी समद्यांनी यायचं," एवढं बोलला आणि उत्तराची वाट न बघता गेलासुद्धा. मी झाकण काढलं. तापल्या रसाचा, धुराचा, थोडासा करपल्याचा तो वास स्वयंपाकघरभर झाला आणि मी ओट्याशी उभी राहून एकटीच हसत सुटले. मला तो सैनिक दिसत होता, एक डोळा उघडा ठेवून मेलेला.

आमच्या लहानपणी कोल्हापुरात सिनेमा हा बघायचा प्रकार कमी आणि माणसं ओळखायचा प्रकार जास्त होता. स्टुडिओ गावातच. त्यामुळे पडद्यावर राजाचा दरबार भरला, की थेटरात एकच गलका व्हायचा. "अगं बघ, बघ, तो भालदार म्हणजे आपला दूधवाला!" "आयला, आमचा टांगेवाला परधान झालाय की!" नायक-नायिकेकडे लक्ष द्यायला पुण्या-मुंबईची माणसं होती. आम्ही मागच्या रांगेत उभी असलेली माणसं बघायचो. शिवाजी पेठेतल्या तालमींतली निम्मी पोरं कधी ना कधी कुठल्या तरी राजाच्या फौजेत जाऊन आलेली असत. सकाळी जोर-बैठका, दुपारी लढाई आणि संध्याकाळी फुटबॉल. शूटिंगमधून सुटलेला नारद, वीणा सायकलच्या कॅरिअरला बांधून, मंडईत मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करताना मी स्वतः पाहिला आहे. भाजीवालीनं त्याला काही सवलत दिली नाही.

सिनेमांची खरी नावं आमच्या घरात टिकायचीच नाहीत. बघून आलं, की दोन दिवसांत त्याला घरचं नाव पडे. एक 'विहिरीचा', एक 'आंधळ्या आईचा', एक 'सासू जिन्यावरनं पडते तो'. पाहुणे विचारायचे, काय बघितलंत? आई म्हणायची, "विहिरीचा." पाहुण्यांना काही बोध होत नसे, पण आईला त्यापुढे नाव आठवत नसे.

आणि वर्ष सरत आलं, की या सगळ्यांचा निकाल लागायचा. तो लागायचा कसबा बावड्याला, रामूतात्यांच्या गुऱ्हाळावर. तात्या आणि आमचे आप्पा एका बाकावर बसून शिकलेले. आप्पा पुढं हायस्कुलात इतिहासाचे मास्तर झाले, तात्या मळ्यात परत गेले. मैत्री मात्र बाकावरचीच राहिली. थंडीत तात्यांचं गुऱ्हाळ सुरू झालं, की एका रविवारी त्यांची बैलगाडी आमच्या दारात यायची आणि आम्ही सगळे तीत बसून मळ्यावर जायचो.

तिथली रीत अशी होती. चुलवाणावर, म्हणजे जमिनीत खणलेल्या मोठ्या चुलीवर, रसाची भली मोठी काहील उकळत असायची. चुलवाणात घालायला वाळलेल्या चिपाडांचा डोंगर बाजूलाच. रस काढून घेतला की उसाचा जो चोथा उरतो, ते चिपाड. आम्ही त्या ढिगावरच बसायचो. ज्याची पाळी येईल त्यानं एका हातात सोललेल्या उसाचं कांडं घ्यायचं आणि दुसऱ्या हातात चिपाड. वर्षातला सगळ्यात आवडलेला सिनेमा सांगायचा आणि कांडं गरम काकवीत बुडवून खायचं. मग सगळ्यात नावडलेला सांगायचा, का ते सांगायचं, आणि चिपाड चुलवाणात फेकून द्यायचं. ते पेटलं की त्या सिनेमाचं नाव पुन्हा काढायचं नाही. मध्ये कुणी बोलायचं नाही असाही एक नियम होता, तो मात्र कधीच पाळला गेला नाही.

आईचा हिशेब सरळ होता. ज्यात पदर ओला झाला तो चांगला. ज्यात नुसताच रुमाल लागला तो मध्यम. आप्पांना ऐतिहासिक सिनेमे आवडायचे आणि ऐतिहासिक सिनेमांचाच राग यायचा. सनावळी चुकली की ते अंधारात मोठ्यानं "चूक!" म्हणायचे आणि पुढचे लोक वळून बघायचे. रामूतात्यांचं वेगळंच. नायक-नायिका गाणं म्हणत शेतातनं पळाली, की तात्यांचं डोकं फिरायचं. "उभं पीक हाय आन् त्यातनं पळत्यात! कुणाचं रान हाय ते? मालक कुठं गेला?" एका वर्षी तर त्यांनी अशा एका सिनेमासाठी चिपाडाची आख्खी मोळी चुलवाणात घातली. तात्यांच्या बायकोला, तानूकाकींना, वर्षातनं एकदाच सिनेमा बघायला मिळायचा. त्यामुळे त्या दर वर्षी न चुकता म्हणायच्या, "मी एकच बघितला. चांगला बी त्योच, वंगाळ बी त्योच." आणि कांडं खाऊन चिपाडही टाकायच्या.

मला वाटतं, सुख म्हणजे काय ते मला तिथं कळलं. अंगाला थंडी, तोंडावर चुलवाणाची धग, बोटं चिकट, आणि सगळी माणसं एकाच वेळी बोलतायत. यात पुढच्या आयुष्यात मी फारशी भर घालू शकलेले नाही.

संस्थान विलीन होऊन तीन-चार वर्षं झाली असतील, त्या साली 'म्हशींचा सिनेमा' आला. त्याचं खरं नाव फार भारदस्त होतं. चित्रीकरण आपल्या गावचं म्हणून आख्खं कोल्हापूर लोटलं. पण लढाई सुरू झाली मात्र, आणि थेटर हसून हसून कोसळायचं बाकी राहिलं. पडद्यावर दिल्लीच्या वेशीशी घनघोर युद्ध चाललेलं, आणि मागं आमचा रंकाळा, त्यात म्हशी निवांत डुंबतायत! आप्पांनी "चूक!" म्हणायलाही तोंड उघडलं नाही, इतके ते हतबल झाले होते. त्या लढाईत एक सैनिक होता. छातीवर हात मारून, गिरकी घेऊन तो पडला. पडला तो पडला, आणि हळूच एक डोळा उघडून त्यानं बाजूला बघितलं. मग जरा वेळानं तोच गडी पुन्हा धावत आला आणि पुन्हा मेला. पुन्हा एक डोळा उघडा.

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, तो सैनिक फारच भावला. तिचं नाव इंदू, पण घरात ती अक्काच. मॅट्रिक झालेली, जीभ तिखट, आणि नक्कल अशी करायची की ज्याची केली तोही हसावा. त्या वर्षी आई कशावरूनही बोलली, की अक्का छातीवर हात मारून, गिरकी घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मरायची. एक डोळा आईवर. आईला हसू आवरायचं नाही आणि बोलणी तिथंच संपायची.

पण त्याच साली आईचं हसणं कमी होत चाललं होतं. अक्काला स्थळं येत होती आणि जात होती. एकानं विचारलं, शिवण येतं का? अक्का म्हणाली, फाटलेलं असेल तर येतं. दुसऱ्याच्या वडलांनी तिला चालून दाखवायला सांगितलं, तर ती चालत चालत परसात गेली आणि परत आलीच नाही. मला एकदा म्हणाली, "मी जशी हाय तशी ज्याला सोसंल, त्येच्याच घरात जाणार. न्हायतर बसू दे की मला हितंच." बोलणं ठसक्यात होतं, पण रात्री अंथरुणात ती जागी असायची हे मला माहीत होतं. आप्पांचीही एक अट होती. मुलगा नाटक-सिनेमावाला नको. कोल्हापुरात ही अट घालणं म्हणजे अर्धी पेठ बाद करण्यासारखं होतं.

मग उचगावचं स्थळ आलं. वसंतराव, कचेरीत कारकून, सायकलवरून ये-जा करणारा, निर्व्यसनी. रामूतात्या म्हणाले, "मास्तर, घरात पोहं खायाला घालून काय कळतंय मानसाचं? गुऱ्हाळावर आना त्यास्नी. रस प्यायला म्हणून येतील, बघून जातील." आप्पांना पटलं. आईला पटलं नाही, पण तिनं अक्काला बजावलं, "आज तेवढं मरू नकोस, बाई."

वसंतराव त्यांच्या मामांबरोबर आले. मामा ऐसपैस, फेट्यातले. वसंतराव हडकुळे, केसांना भरपूर तेल, आणि बसायला सांगितलं तर चिपाडाच्या ढिगाच्या अगदी कडेला बसले. रस झाला, भाकरी-भरीत झालं. मग तात्यांनी हात झटकले. "पावणं, हितं आमची एक रीत हाय," म्हणाले आणि सगळा प्रकार समजावून सांगितला. मामांना गंमत वाटली. वसंतरावांनी ढिगातलं एक चिपाड ओढून हातात घेतलं.

आईचं झालं, तात्यांचं झालं, आप्पांनी म्हशींच्या सिनेमाला शिव्या घालून आपलं चिपाड टाकलं. आई डोळ्यांनी खुणावत होती, पण तात्यांना कसल्या खुणा कळतायत! "इंदू, तुझं ऱ्हायलं की गं!" म्हणाले. अक्का उठली. आवडलेला म्हणून 'विहिरीचा' सांगितला, कांडं खाल्लं. मग म्हणाली, "नावडलेला म्हशींचा. पर त्यातलं एक मानूस मात्र लई गुणी हाय." आणि आईनं डोळे मिटून घेतले, कारण अक्काचा हात छातीवर गेला होता. गिरकी घेऊन ती पडली. एक डोळा उघडला. उठली, चार पावलं मागं गेली, धावत आली, पुन्हा मेली.

तात्या पोट धरून हसले. तानूकाकींनी तोंडात पदर कोंबला. मामाही हसायला लागले आणि मधेच थांबले. फक्त वसंतराव हसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते आणि ते हातातल्या चिपाडाकडे बघत होते. गेलं, मी मनात म्हटलं, हेही गेलं. आईचा चेहरा बघवत नव्हता.

अक्कानं चिपाड टाकायला हात उचलला, तर तात्या म्हणाले, "थांब जरा. पावण्यांचा बी त्योच निघाला तर दोन्ही संगटच टाकू. बोला पावणं, आवडलेला कंचा?"

वसंतराव उभे राहिले. "म्हशींचा," ते म्हणाले.

तात्यांनी मान पुढं काढली. "आन् नावडलेला?"

"त्यो बी म्हशींचाच."

"अगं बया!" तानूकाकी खूश झाल्या. "माझ्यासारखा एकच बघितलाय म्हणायचा ह्यांनी!"

"तसं न्हाय, काकी. त्यो मेलेला सैनिक हाय न्हवं, एक डोळा उघडा ठेवल्याला? त्यो मीच."

मामांनी त्यांची बाही खसकन ओढली. "वसंता, गप की लेका!"

"मामा म्हणालतं, सांगू नगंस म्हणून," वसंतराव आप्पांकडे वळून म्हणाले. "पर ह्यांनी एवढं झ्याक करून दावलं, आता गप बसणं बरं न्हवं. तालमीतल्या पोरांसंगं गेलतो, सर. एकदा मेलो. मग डायरेक्टर म्हणाला, मानसं कमी पडाय लागल्यात, उठा. उठलो."

अक्काच्या तोंडावरचा रंग उडाला होता. इतक्या वर्षांत तिला शब्द सापडत नाहीत असं मी पहिल्यांदाच बघत होते. आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला.

"मरायचं ते मेलात," आप्पा वर्गात विचारावं तसं म्हणाले, "पण डोळा का उघडलात?"

"म्हशी बघत हुतो, सर. पाण्यातनं भाईर याय लागलत्या. अंगावरनं जात्यात का काय, अशी भीती वाटली."

आधी तात्या फुटले, मग मामा, आणि मग आमचे आप्पा. आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि तानूकाकींना पाणी आणावं लागलं. जरा दम खाऊन ते मामांना म्हणाले, "शिनेमात काम केलेल्याला मुलगी द्यायची नाही असं मी ठरवलं होतं. पण ह्यांनी काम कुठं केलंय? हे नुसते मेलेत."

वसंतरावांनी मग पहिल्यांदा अक्काकडे सरळ बघितलं. "पर तुमचं एक चुकलं. दोनदा न्हवं. तीनदा मेलोय मी."

"तिसऱ्यांदा कुठं?" अक्कानं विचारलं. तिचा आवाज परत आला होता.

"ते बघायलाच पायजे. मिशी लावून दुसऱ्या बाजूनं मेलोय. सांगून कळायचं न्हाय."

तात्यांनी अक्काच्या हाताकडे बोट दाखवलं. "पोरी, चिपाड टाकतीस न्हवं?"

"तिसरं मरण बघितल्याबिगर कसं टाकू?" अक्का म्हणाली, आणि खाली बसली. संध्याकाळी परतताना गाडीत ते चिपाड तिच्या हातातच होतं. आईनं ते बघितलं, आप्पांना कोपरानं ढोसलं, आणि घर येईपर्यंत दोघंही समोरच्या बैलांकडे बघत राहिले. दोघांच्याही तोंडावर हसू होतं.

साखरपुडा झाल्यावर तो सिनेमा उचगावच्या जत्रेत तंबूत लागला. दोन्ही घरची माणसं हौसेनं गेली. गावातला सगळ्यात वाईट सिनेमा आम्ही एखाद्या सणासारखा पाहिला. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. रंकाळ्यात म्हशी दिसल्या तशा तंबूत शिट्ट्या पडल्या. वसंतराव, म्हणजे आता आमचे दाजी, पहिल्यांदा मेले, दुसऱ्यांदा मेले. मग अंधारातनं त्यांचा आवाज आला, "आता! आता बघा!" मिशीवाला एक सैनिक घोड्याच्या पायाशी कोसळला. यावेळी डोळा उघडला नाही. फार चांगला मेला होता, खरं सांगायचं तर. मी टाळी द्यायला अक्काकडे वळले, तर तिनं दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले होते.

बाहेर आल्यावर दाजींनी विचारलं, "बघितलंसा न्हवं?"

"न्हाय की," अक्का म्हणाली. "ऐन वक्ताला डोळ्यात धूळ गेली."

तो सिनेमा पुढं कुठं लागला नाही. त्याच्या रिळांच्या पेट्या कुठं गेल्या कुणास ठाऊक. पण आमच्या गुऱ्हाळावर त्याचा निकाल काही लागला नाही. दर वर्षी अक्का एक चिपाड हातात घ्यायची, दाजी विचारायचे, "टाकतीस?" आणि ती म्हणायची, "तिसरं मरण बघितलं न्हाय अजून." नवे सिनेमे येत राहिले, रंगीत झाले, चांगल्या-वाईटाची भांडणं होत राहिली. आप्पा गेले, आई गेली, तात्या गेले, तानूकाकीही गेल्या. हे दोघं मात्र आपलं तेवढं बोलणं बोलून घ्यायचे. त्यांच्या संसारात भांड्याला भांडं पुष्कळ लागलं, पण रुसून बाहेर जाऊन बसावं असं दोघांनाही कधी वाटलं नाही. मला त्यांचा हेवा वाटत आला आहे, आणि तो मी लपवलेला नाही.

या रविवारी आम्ही गेलो. बावड्याच्या मळ्यात आता घरं उभी राहिलीत. तात्यांच्या नातवाचं गुऱ्हाळ नदीपलीकडं आहे, ऊस पिळायच्या घाण्याला इंजिन आहे. काहील तीच, निदान तो तरी तसं सांगतो. नातवंडांनी आपापले निकाल दिले. एक पोरगी म्हणाली, तिला एक सिनेमा अर्धाच आवडला, तर अर्धं चिपाड टाकू का? बरीच चर्चा होऊन परवानगी मिळाली.

मग अक्कानं चिपाड उचललं. दाजी ऐंशीच्या घरात आहेत, गुडघे गेलेत, काठी लागते. त्यांनी विचारलं, "टाकतीस?"

"तिसरं मरण बघितलं न्हाय अजून," अक्का म्हणाली.

दाजींनी काठी बाजूला ठेवली. छातीवर हात मारला, गिरकी अर्धीच जमली, आणि ते चिपाडाच्या ढिगावर आडवे झाले. पोरं टाळ्या पिटायला लागली. दाजी हलेनात. टाळ्या विरळ होत थांबल्या. कुणीतरी इंजिन बंद केलं.

"अहो," अक्का म्हणाली. मग "अहो!" असं ओरडून ती त्या वयात, त्या निसरड्या ढिगावरनं, कुणाचाही हात न धरता त्यांच्यापर्यंत पोचली. तिनं त्यांचा खांदा धरून हलवला.

दाजींनी एक डोळा उघडला. "म्हशी गेल्या का?"

हसण्यानं गुऱ्हाळ दणाणलं. अक्का हसली नाही. तिनं हातातलं चिपाड त्यांच्या छातीवर फेकून मारलं. तिचे डोळे वाहत होते. "धूळबीळ काय गेली नव्हती त्या तंबूत," ती म्हणाली. "मी डोळं मिटलंतं. मुद्दाम. तुमचं तिसरं मरण मला बघायचं न्हाय, कळलं? न्हाय बघायचं."

दाजी उठून बसले. छातीवरचं चिपाड त्यांनी उचललं, झाडलं आणि तिच्या हातात परत दिलं.

"ठेव मग," ते म्हणाले. "फुडच्या वर्षाला."